गाळलेलं कडवं

मे महिन्यात पोलादपूरच्या हॉलमध्ये जुन्या हिपहॉपवाल्यांचा मेळावा भरला. पोटं सुटलेली, केस पिकलेले, सोबत बायकापोरं. म्हणून शिव्या वर्ज्य. विनीतने विशीत लिहिलेलं आपलं रॅप दणक्यात म्हटलं, पण बापाचं नाव घेऊन शिव्या घातलेलं कडवं गुपचूप गाळलं. ते वडील, कोंडाजी, पहिल्याच रांगेत बसले होते. टाळ्या थांबल्यावर त्यांनी त्याला जवळ बोलावलं.

"माझं कडवं का गाळलंस रे?"

"आबा, तुम्ही ते ऐकलंय?"

"पाठ हाय मला."

विनीतला मान वर करवेना. "त्यात नुसत्या शिव्या होत्या, आबा."

"असू दे रे. माझ्यावर तू आजवर तेवढंच तर लिवलंस."