लवू तांडेलाचे सतरा खडक

डोक्यावरची टोपी कढत झाली तसा लवू तांडेल कुरकुरला, "गो शर्वाणी, मेंदू उकडता माझो!"

"उकडूंदे, मामा. आधी खडक दाखव," भाची म्हणाली.

माणसाने पाहिलेली जागा डोक्यातून उचलून नकाशावर ठेवणारी ती टोपी होती. तापलेल्या समुद्रात देवबागेसमोरची सगळी प्रवाळं पांढरी पडून मेली होती. लवूने तरुणपणी बुडी मारून पाहिलेल्या खोल खडकावर मात्र ती अजून जिवंत असतील, अशी शर्वाणीला आशा होती. तिथलं बी मिळालं, तर समुद्र पुन्हा पेरता आला असता.

पण चाळीस वर्षं लवूने तो खडक कुणाला दाखवला नव्हता. स्कूबावाले विचारायला आले, की तो मिशीत हसत खोट्या खुणा सांगायचा. देवळाचा कळस अमक्या माडाच्या रेषेत आला की मारा बुडी! वर बसएवढ्या माशाची गोष्ट फुकट.

नकाशावर एक ठिपका उमटला, मग दुसरा. बघता बघता सतरा झाले, सगळे सारखेच ठळक.

शर्वाणीचा चेहरा उतरला. "ह्या सतराय ठिकाणी आमी बुडी मारली, मामा. नुसती वाळू आसा. अठरावो खंय?"

लवूने डोळे मिटले. मारलेली प्रत्येक थाप त्याला डोळ्यांनी पाहिल्यासारखी, शब्द न् शब्द आठवत होती. खऱ्या खडकाबद्दल तो कुणाशी, अगदी बायकोशीसुद्धा, कधी एक अक्षर बोलला नव्हता. आणि आता तो कुठे होता, ते त्याला स्वतःलाही सांगता येईना.