रव्यातले लाडू

परातीत रवा पसरून शलाकाने लेकीचं बोट धरलं. पुस्तकातली अक्षरं जुईच्या डोळ्यांपुढे नाचायची, रव्यात मात्र थांबायची.

"हा एक लाडू, शेजारी दुसरा."

मग तिने बोट सोडलं आणि आज पहिल्यांदाच जुईने एकटीने 'ळ' काढला. "लाडू खाल्ला!" बोट चाटत ती खिदळली.

तिच्या कपाळावरची लक्षपट्टी लाल झाली. भिंतीतून शिक्षण खात्याचा आवाज आला, "लक्ष नाही. पुन्हा लाल झाल्यास मुलीला केंद्रात नेलं जाईल."

"आई, आला ना मला?"

"आला गं राणी," शलाका कुजबुजली. "पण हसू नकोस."

जुईने ओठ घट्ट मिटले. पट्टी हिरवी झाली. रव्यावर टेकलेलं बोट हलेनाच.

"शाबास," भिंत म्हणाली.