चढावरचं अंतर

"काका, सिग्नलला प्रत्येक गाडी पुढच्या गाडीपासून दीड मीटरवर थांबते, असं आम्ही धरलंय," ऋजुता मॅडम म्हणाल्या. संगणकाच्या पडद्यावर आमच्या गावचा चढ होता. वर चौकात होणारा नवा सिग्नल, खाली रेल्वे फाटक. गाड्यांची रांग फाटकाच्या बरीच वर संपत होती. सिग्नलचा अहवाल आज मंजुरीला जाणार होता.

"खडीचा ट्रक चढावर सुटताना आधी मागं येतो," मी म्हटलं. "तीस वर्षं मी तो याच चढावर चालवलाय. दीड मीटरवर थांबलो असतो तर रोज काच फुटली असती. आम्ही पुढच्या ट्रकचे चाकांवरचे पाटे बघतो. भारानं दबलेले दिसले, की लांबच थांबतो."

"लांब म्हणजे किती? इथं अंदाजानं चालत नाही हो," मॅडमचे वरिष्ठ साहेब हसून म्हणाले.

मी पिशवीतून वही काढली. सध्या त्या चौकात हवालदार हातानं गाड्या अडवतो. तिथं चार दिवस उभा राहून मी एकशे बारा ट्रकांमागची जागा पावलांनी मोजली होती. अक्षर वाकडं असलं तरी आकडे स्वच्छ होते. बहुतेक ओळींत सहा पावलं, म्हणजे चार मीटर.

मॅडमनी ट्रकांमागचं अंतर चार मीटर केलं. रांग लांबत लांबत खाली आली आणि शेवटची बस रुळांवर थांबली.

"आता पावणेदहाची पॅसेंजर सोडा," मी म्हटलं.

मॅडमचा हात माउसवरच राहिला. साहेबांनी अहवाल बाजूला ठेवला आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.