परतीची मोटार

काळी मोटार केळीच्या मळ्याकडून गल्लीत वळली आणि धुरपदाबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. मोटार अगदी सावकाश येत होती. ड्रायव्हर गिरधरच्या शेजारी तिचा मुलगा निंबा मान खाली घालून बसला होता. मागच्या काचा चिखलानं माखलेल्या, आतलं काही दिसेना.

"येऊन राहिली व माय," समोरच्या ओट्यावरून कोकिळा म्हणाली आणि तिनं पदर कपाळावर ओढून घेतला.

काळी मोटार परत येते म्हणजे काय, हे दापोऱ्यात कुणाला सांगावं लागत नव्हतं. डॉर्सन नावाच्या कंपनीनं बनवलेली ती मोटार. तिच्यातून दुखणाईत माणूस बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात जायचा आणि तिच्यातून परत यायचं ते त्याचं मढं. धुरपदाबाईचा धनी असाच आला होता. त्या साली गावात कशावर म्हणून एकमत नव्हतं. राजधानी नागपूरहून उठून भोपाळला चालली, हे बरं की वाईट यावर पारावर रोज भांडणं व्हायची. पण डॉर्सन म्हणजे यमाची गाडी, याला सगळ्यांचा रुकार. धूलकोटच्या एका व्यापाऱ्यानं हौसेनं तसलीच मोटार आणली तर त्याची बायको तिच्यात पाय ठेवीना. शेवटी बिचाऱ्यानं मोटारीवरचं कंपनीचं नाव कानशीनं घासून काढलं.

आणि गावातल्या शेटजींची निळी मोटार, मेलरोज? तिचं नाव काढलं की लोकांचे चेहरे उजळायचे. मेलरोज कधी दगा देत नाही म्हणायचे. तिच्यातून नव्या नवऱ्या यायच्या, फुलं लावून. आता लग्नं वैशाखातली, तेव्हा रस्ते कोरडे ठणठणीत असतात, आणि पावसाळ्यात तर ही बया छपराबाहेर निघतच नसे, पण एवढा विचार करतो कोण?

निंबाची बायको शारदा बाळंतपणात अडली त्या दिवशी पाऊस धो धो कोसळत होता. सुईणीनं हात टेकले. मेलरोजवाल्यानं चिखलाचं कारण सांगून चक्क नाही म्हटलं. गिरधर तेवढा आला, चाकांना साखळ्या बांधून. धुरपदाबाई दारात आडवी उभी राहिली. एकुलती एक सून, तिला मी ह्या गाडीत घालणार नाही, म्हणून तिनं आकांत मांडला. शेवटी शारदाच कळा सोसत भिंतीला धरून बाहेर आली आणि आपल्या हातानं दार उघडून आत बसली. निंबा तिच्यासोबत गेला. मग नाल्यांना पूर आले, वाट बंद झाली. सून जगली की गेली, काही कळायला मार्ग उरला नाही.

आता कळलंच म्हणायचं. शेजारधर्म म्हणून कोकिळेच्या नवऱ्यानं लगेच अंगणाच्या कडेला गोवऱ्या रचल्या आणि पेटवल्या. मढ्यापुढे मडक्यातून न्यायचा विस्तव फुलायला वेळ लागतो, आणि मढं दारात ताटकळत ठेवत नाहीत. काळी मोटार दिसली की हे करायचं, अशी रीतच पडून गेली होती. धुरपदाबाईनं तो धूर पाहिला. मीच जाऊ दिलं, मीच मारलं लेकराला, म्हणत तिनं छाती पिटून टाहो फोडला.

मोटार दाराशी थांबली. निंबा उतरला, त्यानं मागचं दार उघडलं आणि वाकून हात पुढे केला. त्या हाताला धरून शारदा उतरली. पार पिवळी पडली होती, आधाराशिवाय उभं राहवत नव्हतं. पण उभी होती. छातीशी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी कुरकुरत होतं.

धुरपदाबाईचा टाहो मध्येच थांबला.

"बसनं आणणार होतो," निंबा आईला म्हणाला, "ही ऐकेना. जिनं नेलं तिच्यातूनच घरी जाईन म्हणे."

कोकिळा पुढे झाली. ह्या मोटारीतून जितं माणूस उतरताना आजवर पाहिलं नव्हतं, असं ती गिरधरच्या तोंडावर बोलून गेली. गिरधर चाकाचा चिखल काढत होता. तो रागावला नाही.

"कसं दिसेल, माय? नेताना सगळे हिच्यातूनच जातात. बरे झाले की बसनं येतात, नाहीतर कोरड्या दिवसांत मेलरोज सजवून आणतात. मढं मात्र दुसरं कुणी गाडीत घेत नाही. ते मी आणतो."

कोकिळेनं मागं वळून पाहिलं. तिची स्वतःची जाऊ, मथुराबाई, गेल्या पावसाळ्यात ह्याच मोटारीतून गेली होती आणि बरी होऊन बसनं आली होती. आता ती पलीकडच्या ओट्यावर उभी राहून हे सगळं बघत होती. धुरपदाबाईनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मोटारीकडे, आणि तिला फार लाज वाटली.

तिनं घरातून भाकरीचा तुकडा आणला, सुनेवरून नि बाळावरून ओवाळून टाकला, दोघांच्या डोळ्यांना पाणी लावलं. शारदा उंबऱ्यात पाऊल टाकणार तेवढ्यात तिची नजर अंगणाच्या कडेला गेली. गोवऱ्या चांगल्या फुलल्या होत्या. शेजारी कोरं मडकं ठेवलेलं होतं.

"आत्याबाई, हा विस्तव कशाला?"

कोकिळेनं मान फिरवली. तिचा नवरा घरात निघून गेला.

"तुझ्या शेकाला, बाई," धुरपदाबाई म्हणाली.

आणि कुणी काही बोलायच्या आत तिनं ते मडकं पायानं बाजूला सारलं, निखारे घमेल्यात भरून घेतले आणि आत नेऊन सुनेच्या बाजेखाली ठेवले.