आठ निवांत बोल्ट

सहीसाठी उघडलेलं पेन. गार झालेला चहा. जत्रेतल्या नव्या आकाशपाळण्याची जाहिरात. संगणकावर हिरवेगार आठ बोल्ट.

शाल्मलीला तो कमी ताण दाखवणारा हिरवा रंगच खटकला. माणसं बसायचा प्रत्येक पाळणा आठ बोल्टांच्या जोडाला एका बाजूने लटकणार, म्हणजे वरच्या बोल्टांवर ताण जास्त यायला हवा. इथे आठही सारखेच निवांत. तिची सही झाली की आकाशपाळणा फिरणार होता आणि हिशेब करणाऱ्या खैरनारला सहीची फारच घाई झाली होती.

"आकडे बदलायला कुणी सांगितलं, मालकाने?"

"मॅडम, तुम्हाला सगळीकडेच काळंबेरं दिसतं."

तिने त्याचं संगणकातलं मॉडेल स्वतः उघडलं. जोडातल्या दोन्ही पोलादी प्लेटा संगणकात डिंकाने चिकटवल्यासारख्या एकजीव होत्या. सगळा भार त्या खोट्या डिंकानेच पेलला होता. बोल्ट नुसते नावाला होते. तिने डिंक काढून गणित पुन्हा सोडवलं. वरचे दोन बोल्ट लालभडक झाले.

"गणित लवकर सुटावं म्हणून चिकटवलं होतं," खैरनार पुटपुटला. "काढायचं राहून गेलं."

"राहून गेलं?" तिने पेनाला टोपण लावलं.

पाळण्याच्या पहिल्या फेरीची तिकिटं खैरनारने सकाळीच आपल्या दोन्ही मुलींसाठी काढून ठेवली होती.