दुआला उठलेले हात

२०१७ साली चीनमधल्या काश्गरमध्ये माझी आई वारली. धाकट्या भावाचा कझाकस्तानातल्या अल्माटीहून व्हिडिओ कॉल आला. फोनवर पोलिसांची पाळत असायची, साधा सलामही महागात पडायचा. माझ्या मुलाने स्वतःचा फोन माझ्यासमोर धरत बजावलं, "आई, अल्लाचं नाव नको. हवापाण्याचं बोल." मी म्हटलं, "जर्दाळू पिकलेत, आम्ही मजेत." "ताई, खोटं बोलताना अजून नाक खाजवतेस," भाऊ हसला. मग न बोलता त्याने आईसाठी दुआला तळवे उचलले, चेहऱ्यावरून फिरवले. जन्मभराची सवय, माझेही तळवे चेहऱ्यावर गेले. "आई, हात खाली!" मुलगा ओरडला. उशीर झाला होता. चौथ्या दिवशी पोलिसांनी मुलालाच नेलं, कारण फोन त्याच्या नावावर होता. भावाने पुन्हा कधी फोन केला नाही. मुलगा सहा वर्षांनी परतला. आता नान खाऊन झाला की माझे हात दुआला उठण्याआधीच तो घट्ट धरतो.