दुमडीतला केस

“केस!” कपड्यांचा रचनाकार ओक्ताव ब्रिसाँ म्हणाला. “माझ्या कपड्यात पुन्हा केस सापडला, तर जिचा असेल तिने त्याच दिवशी घरचा रस्ता धरायचा.”

शिवणखोलीतल्या सात जणींनी माना खाली घातल्या. पॅरिसच्या जुन्या शिवणखोल्यांत हे चालत आलेलं आहे. नवरीच्या कपड्याच्या खालच्या दुमडीत बिनलग्नाच्या मुलीने आपला एक केस शिवून टाकायचा, म्हणजे वर्षाच्या आत तिचंही लग्न ठरतं. गेल्या मोसमात एका गिऱ्हाइकाला असा केस सापडला आणि ओक्तावला माफी मागावी लागली. माफी त्याच्या प्रकृतीला मानवत नसे.

ह्या बायांची त्याला किळसच यायची. बोटं चालवायची तेवढी अक्कल, बाकी आनंद! त्यातही मुख्य कारागीर जोझियान त्याला डोळ्यांसमोर नको असायची. बासष्ट वर्षांची, पांढराशुभ्र अंबाडा, तोंडावर आणि हातांवर तपकिरी ठिपक्यांचा सडा. ओठांत टाचण्या धरून ती हळू बोलायची, आणि बोललेलं बहुधा खरं निघायचं.

उद्या पुढच्या थंडीच्या कपड्यांचं प्रदर्शन होतं. आज मालकीण, मादाम वोकलँ, शेवटची पाहणी करणार होत्या. ओक्तावच्या पाच वर्षांच्या कराराचा कागद त्यांनी बरोबरच आणला होता. कपडे पसंत पडले तर सही, नाही तर नमस्कार. सही झाली की पहिली जोझियानला घालवायची, हे ओक्तावने मनाशी पक्कं केलं होतं.

एकेक मुलगी कपडा घालून पुढे येऊ लागली.

“बाह्या एवढ्या मोठ्या?” मादाम म्हणाल्या.

“मोठ्या बाह्या परत येतायत, मादाम.”

“गेल्या कधी होत्या? मागच्या थंडीत ह्याच पाहिल्या मी.”

“तेव्हा तो उठाव होता. आता ते मौन आहे.”

मादामनी कागदावर पेन ठेवलं आणि चष्मा पुसला. दर सहा महिन्यांनी त्यांना असं काहीतरी ऐकावं लागे. मागच्या खेपेला तपकिरी रंगाला कुणीतरी धाडस म्हणालं होतं.

पण हुकमाचं पान अजून ओक्तावच्या हातात होतं. प्रदर्शनाच्या शेवटी नवरीच्या पोशाखातली मुलगी येते, ही रीत. त्याने कुलूपबंद कपाट उघडलं आणि कोट बाहेर काढला. हस्तिदंती लोकरीचा, पायघोळ, थंडीतल्या नवरीचा कोट. शिवणखोलीत कुणालाही त्याने तो आजवर दाखवला नव्हता. एका मुलीच्या अंगावर तो चढला.

मादाम खुर्चीवरून उठल्या. “हा कुणी केला?”

“मी. घरी बसून. बेतण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत, तीन आठवडे.”

“ह्यांनी?” मागे सात जणींपैकी नादेज पुटपुटली. “ह्यांना स्वतःच्या सदऱ्याचं बटण लावायला माणूस लागतो.”

“गप गं,” जोझियान म्हणाली. तिची नजर कोटावरून हलत नव्हती.

“सुचलं कसं हे?” मादामनी विचारलं.

“रविवारी मी सेंत-उआँच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात भटकतो. गर्दीत डोकं मोकळं होतं.” मुलाखतींतही तो हेच सांगायचा. त्याच्या धंद्यातले बरेच जण रविवारी तिथे भटकत. एकमेकांना भेटले तर ओळख दाखवत नसत.

“जोझियान, काज बघ,” मादाम म्हणाल्या. “असे काज आता कोण करतं?”

“आता कुणी नाही, मादाम.” तिने गळ्याकडे बोट केलं. “तुमच्या नावाची पट्टी तेवढी तिरकी बसलीय, साहेब. काज करणाऱ्या हाताची वाटत नाही.”

“घाईत लावली,” ओक्ताव तुटकपणे म्हणाला.

मादामनी पेनाचं टोपण काढलं.

लांबी बघायला जोझियान गुडघ्यांवर बसली. तिची बोटं दुमडीवरून सरकत गेली आणि पाठीच्या शिवणीच्या डाव्या अंगाला, तीन बोटांवर, थांबली. फार वेळ थांबली.

ओक्तावच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्याला आनंदच झाला. एका दगडात दोन पक्षी!

“काय टाकलंत आत?”

“मी आज काही टाकलेलं नाही, साहेब.”

“मादाम, बघा! सकाळी बजावलं, तरी ही बाई तुमच्यासमोर माझ्या कोटात तिचे घाणेरडे केस कोंबतेय. ह्या वयात नवरा हवाय हिला!”

कुणी हसलं नाही. जोझियानने वर पाहिलं. “उसवू नका, साहेब. तुमच्याच भल्याचं सांगते.”

“आता का घाबरलात?”

त्याने टेबलावरची कात्री उचलली, मुलीला फिरवलं आणि दुमड टराटरा उसवली. आतून पांढऱ्या दोऱ्यात गुंडाळलेलं एक बारीकसं वेटोळं पडलं. त्याने ते चिमटीत धरून खिडकीपाशी नेलं आणि विजयाने उलगडलं.

केस हातभर लांब होता. तांब्याच्या तारेसारखा लालसर.

ओक्तावने जोझियानच्या अंबाड्याकडे पाहिलं. मग बाकीच्या सहा डोक्यांकडे. काळी, भुरी, एक पिवळं रंगवलेलं. लाल एकही नव्हतं.

मादाम मात्र जोझियानच्या ठिपकेदार हातांकडे बघत होत्या; असे ठिपके लाल केसांच्या माणसांना असतात. त्यांनी पेनाचं टोपण सावकाश लावलं.

“तू ह्या खोलीत आलीस, जोझियान, तेव्हा…”

“एकोणीस वर्षांची होते, मादाम. हा कोट जिच्यासाठी, त्या नवरीचं लग्न जानेवारीतलं, म्हणून मी तो केला होता.” जोझियानने ओक्तावच्या चिमटीतून केस अलगद काढून घेतला. “माझं काही झालं नाही.”